लाभ, दोन, तीन

माणिक खंदारेला मोजता येत नाही, असं मी त्याच्या तोंडावर म्हणायचो. मी गणिताचा मास्तर, तो चित्रकलेचा. गंगाखेडच्या शाळेत आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो आणि स्टाफरूममध्ये एकाच बाकावर आलो. पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं ते एका आकड्यावरून, आणि तो आकडाही कुठला, तर एक.

झालं असं, की ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणारी मुलं मोजून हेडमास्तरांना कळवायची होती. खंदारे वर्गात शिरला, दाराजवळ बसलेल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "लाभ." तिच्या शेजारणीला म्हणाला, "दोन." मग तीन, चार करत शेवटच्या बाकापर्यंत गेला. मुलं तोंड दाबून हसत होती, आणि जिला लाभ म्हटलं होतं ती बक्षीस मिळाल्यासारखी सगळ्यांकडे बघत होती. मी दारात उभा होतो. मला राहवलं नाही.

"अहो खंदारे, पहिलीला एक म्हणा की. आकड्यांना लाडाची नावं कशाला?"

"एक कामून म्हनायचं? पहिल्या मापाला एक म्हनलं की रास आटती, पाढेवाले."

त्या दिवसापासून मी पाढेवाला झालो तो कायमचा. आणि दाराजवळच्या पहिल्या जागेसाठी त्याच्या वर्गात रोज मारामाऱ्या व्हायला लागल्या.

त्याचा बाप मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होता. धान्याच्या राशीपाशी गुडघे टेकून पायली भरायची, पोत्यात रिकामी करायची आणि मोठ्यानं आकडा पुकारायचा, हे त्याचं जन्मभराचं काम. आमच्याकडे रास मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. मापाडी मुसलमान असला तर बरकत म्हणतो. दुसऱ्या मापापासून मग रीतसर दोन, तीन. एक म्हटलं की वाटतं एवढंच होतं, संपलं. लाभ म्हटलं की अजून यायचंय. हे मलाही लहानपणापासून ठाऊक होतं, पण मोंढ्यातली रीत मोंढ्यात. खंदारेनं ती शाळेत आणली, आणि तेवढ्यावर न थांबता चित्रांत घातली.

त्याची चित्रं हा आमच्या शाळेत चेष्टेचा विषय होता. मोंढ्यातून पोत्याचं जुनं तागाचं कापड, बारदाना, आणायचा, त्याला चिंचोक्याची खळ लावून वर चुन्याचा हात द्यायचा, आणि वाळला की त्यावर काजळीनं, गेरूनं, निळीनं नुसत्या रेघा नि ठिपके. ना झाड, ना बैल, ना बाई. असं नव्हतं की त्याला ते जमत नव्हतं. औरंगाबादला तो चांगला शिकून आला होता. मीटिंग चालू असताना हेडमास्तरांचं नाक कागदावर उतरवून तो माझ्याकडे सरकवायचा आणि मला खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागायचं. पण स्वतःसाठी काढायचं म्हटलं की रेघा.

हेडमास्तरांनी एकदा विचारलं, "खंदारे, हे काय आहे?"

"मोजनी हाय, सर."

"कशाची?"

"ते बघनाऱ्यानं बघावं. मी निस्ती मोजली."

मी म्हणायचो, ह्याला चित्र म्हणायचं असेल तर माझ्या फळ्यावरच्या त्रैराशिकाला काव्य म्हणा. तो रागवायचा नाही. सुपारीचं खांड एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचा आणि मला समजावून सांगायला बसायचा. त्याच्या लेखी प्रत्येक आकड्याला अंग होतं. तीन म्हणजे चुलीचे दगड, म्हणून तीन ठिपके तो नेहमी जवळजवळ काढायचा आणि मधे काजळीचा एक पुसट हात फिरवायचा. चार म्हणजे खांदे, तिरडीचे. सारख्या उंचीच्या चार रेघा त्यानं कधी ओढल्या नाहीत, एखादी मुद्दाम तोकडी ठेवायचा. भाकरीचेसुद्धा तो तीन तुकडे करायचा, चार नाही. वीस म्हणजे अख्खं माणूस. त्याची आई विसांनीच मोजायची. हातापायांची बोटं सरली की एक ईस झाली, एक माणूस झालं. म्हणून वीस ठिपके भरले की तो त्यांच्याभोवती एक रेघ फिरवायचा, आणि ते माणूस चित्रात कुठंतरी बसलेलं असायचं.

आणि प्रत्येक चित्रात, डावीकडून सुरुवातीला, एका रेघेपुरती जागा कोरी. तिथं नुसता चुना. मोजणी तिथून पुढं, दोनपासून.

एकदा परभणीला शिक्षकांच्या संमेलनात कलादालन म्हणून दोन खोल्या दिल्या होत्या. खंदारेनं पाच-सहा बारदाने तिथं टांगले. मी त्याच्याबरोबर गेलो होतो, मुख्यतः जेवण चांगलं असतं म्हणून. औरंगाबादचे एक कलासमीक्षक आले, दाढीवाले, झोळीवाले. ते त्या कोऱ्या जागेसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग जमलेल्या चार मास्तरांना त्यांनी समजावून सांगितलं, की हे शून्य आहे, हा अभाव आहे, सगळी गणना जिथून उगवते ती पोकळी आहे. आम्ही माना डोलावल्या. खंदारे मात्र हात जोडून म्हणाला, "साहेब, तिथं काई न्हाई असं न्हाई. तिथं लाभ हाय. सगळ्यात आधी तेच मोजलंय."

समीक्षक आणखीच खुश झाले. ही चित्रं औरंगाबादला लावू या, मी तुम्हाला बोलावून घेतो, म्हणाले. परतीची एसटी गंगाखेडला आली. उतरताना खंदारे म्हणाला, "पाढेवाले, लोक खरंच उबे ऱ्हाऊन बघतेत का वो तिकडं?" त्याला चित्रांचे पैसे नको होते, नाव नको होतं. लोकांनी उभं राहून बघावं, एवढीच त्याची आस होती. मला त्याची चेष्टा करावीशी वाटली नाही, हे मला चांगलं आठवतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी नव्यानं सांगत नाही. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात परीक्षा लवकर उरकून मास्तरांना दुष्काळी कामांवर धाडलं. खंदारेनं अर्ज करून चुडाव्याकडच्या माळावरचा पाझर तलाव मागून घेतला, कारण त्याची धाकटी बहीण सुभद्रा तिथं खडी फोडायला होती. मला त्याच्याबरोबर घातलं. त्यानं सकाळी मजूर मोजायचे आणि आकडा मस्टर कारकुनाला सांगायचा, मी सरकारी खुराकाची सुकडी वाटायची, असं काम होतं.

सुभद्रा बारीक अंगाची, भावासारखीच लांब मानेची. नवरा नगरकडं ऊसतोडीला गेला होता, नणंदही त्याच टोळीत. कडेवर तीन-चार महिन्यांची पोरगी. बारसं झालेलं नव्हतं, कारण नाव आत्यानं ठेवायचं आणि आत्या उसाच्या फडात. टोळी परतली की पाळणा करायचा ठरलं होतं. तोवर पोरगी बिननावाची. बाभळीला बांधलेल्या झोळीत निजायची, आणि खडी फोडल्याच्या आवाजाशिवाय तिला झोप लागायची नाही.

सकाळी रांग लागायची. सुभद्रा सगळ्यांच्या पुढं, कडेवर लेक. खंदारे यायचा, भाचीच्या टाळूवर दोन बोटं टेकवायचा आणि रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं पुकारायचा, "लाभ!" मग सुभद्राला "दोन," तिच्या मागच्या म्हातारीला "तीन." असा रांग संपेपर्यंत. साहजिकच त्याचा आकडा मजुरांपेक्षा रोज एकानं जास्त भरायचा. कारकून लातूरकडचा होता, भला माणूस, उन्हानं वैतागलेला. पहिल्या दिवशी तो चिडला. दुसऱ्या दिवशी समजून चुकला. मग खंदारेनं शेवटचा आकडा सांगितला की तो मोठ्यानं म्हणायचा, "एक वजा!" आणि रांगेतले सगळे हसायचे. दिवसभरात त्या माळावर तेवढंच एक हसू होतं. अंगावरच्या पोरांना सुकडी नव्हती, मजुरी नव्हती, मस्टरात जागा नव्हती. पण रोजची मोजणी त्या पोरीपासून सुरू व्हायची, आणि रांगेतल्या बायांना ते बरं वाटायचं. म्हातारी म्हणायची, "मास्तर, हिच्या पायगुनानं तरी पानी येऊ द्या बाबा."

पाणी होतं ते तलावाच्या खड्ड्यात पाझरलेलं, गढूळ. तेच लोक प्यायले. एका दिवसात जुलाब-उलट्यांनी माणसं जागोजाग पडायला लागली. पूर्णेहून डॉक्टरची जीप येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. गावच्या शाळेच्या ओसरीत सलाइनच्या बाटल्या खिडक्यांच्या गजांना टांगल्या होत्या, आणि त्यातल्या एका बाटलीखाली सुभद्रा बेशुद्ध पडली होती. जे गेले त्यांना बाभळीखाली ओळीनं निजवलं होतं, प्रत्येकावर एकेक पोतं. पोरगी पहाटे गेली. खंदारेनं तिला स्वतः उचलून आणलं आणि ओळीच्या सुरुवातीला ठेवलं. तिला अख्खं पोतं लागलं नाही. मी ते बघत होतो आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

डॉक्टरला घाई होती, पुढच्या कामावरही लागण झाली होती. त्यानं कारकुनाला आकडा विचारला, कारकुनानं खंदारेकडे बघितलं. मोजायचं काम त्याचंच होतं. खंदारे ओळीपाशी गेला, वाकला, पहिल्या पोत्यावर दोन बोटं टेकवली आणि म्हणाला, "लाभ."

मग पुढं सरकला. दोन. तीन. आवाज रोजचाच होता, फक्त हळू. शेवटाला पोचून तो म्हणाला, "नऊ."

कारकून डॉक्टरकडे वळला आणि म्हणाला, "आठ." डॉक्टरनं लिहून घेतलं, जीप सुरू झाली.

"नऊ," खंदारे म्हणाला.

"तुमचे नऊ, सर. रोजच्यावानी एक वजा केला म्यां."

कारकून कुजकेपणानं बोलला नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्याला दोन दिवस झोप नव्हती, आणि महिनाभराची जिभेला लागलेली सवय होती. बोलून झाल्यावर काय बोललो ते त्याला कळलं असावं, कारण तो जीपच्या दिशेनं वळला. जीप तोवर माळ उतरून गेली होती. खंदारे आपल्या दोन बोटांकडे बघत उभा राहिला.

दुपारी तिला पुरलं. त्यानंच त्रिसरण-पंचशील म्हटलं, मधे अडखळला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

त्यानंतर त्यानं एकच ध्यास घेतला, आठाचे नऊ करायचा. एका कचेरीतून दुसरीत, तिथून जिल्ह्याला. दोन खेपांना मी बरोबर होतो. एका साहेबानं खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, मजूर आठच होते, पण मूल म्हणून नोंद करता येईल. नाव सांगा.

"नाव ठेवलं न्हवतं, साहेब."

"मग काय लिहू मी?"

खंदारे हात जोडून उठला. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर चिडलो. म्हटलं, काहीतरी नाव सांगून टाकायचं होतं, कमळ सांगा, गंगा सांगा, कोण तपासायला येणार होतं? तेवढ्यासाठी काम अडलं. तो रस्त्याच्या मधोमध थांबला.

"नाव ठेवायचा हक आत्याचा हाय, पाढेवाले. मामाचा न्हाई. मी तिला खोटं नाव देऊन कागदात घालू व्हय?"

"अहो पण..."

"आदीच म्या तिला मोजन्यातून काडलंय. आता दुसऱ्याच पोरीचं नाव देऊन तिथं बसवू?"

 टोळी परतल्यावर आत्याला विचारून बघावं असं मी पुढं एकदा म्हटलं. आत्या आली, रडली, आणि गेलेल्या लेकराला नाव ठेवत नसतात म्हणाली. तिचंही चुकलं नव्हतं. आकडा आठच राहिला.

शाळा सुरू झाली. खंदारेनं वर्ग मोजायचं सोडलं, हजेरी मॉनिटरवर सोपवली. मुलं दाराजवळच्या जागेसाठी भांडत राहिली थोडे दिवस, मग त्यांनाही कळलं की ह्या सरांचा काही नेम उरलेला नाही. त्याचं बोलणं कमी झालं. माझी चेष्टासुद्धा करेना. मला त्याचा तो शब्द, पाढेवाले, ऐकायची इतकी सवय झाली होती की स्टाफरूममध्ये करमेना.

आणि त्याच सुमारास औरंगाबादहून बोलावणं आलं. दाढीवाल्यांनी शब्द पाळला होता. एका मोठ्या प्रदर्शनात खंदारेची चित्रं लावायची, त्यातही त्या कोऱ्या जागेवर ते स्वतः बोलणार होते. हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला हे सांगितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस सावरेल.

संध्याकाळी मी चित्रकलेच्या खोलीत गेलो तर त्यानं सगळे बारदाने भिंतीला उभे केले होते आणि गेरू कालवत बसला होता. एकेका चित्रासमोर उकिडवा बसून तो सुरुवातीच्या कोऱ्या जागेत एक रेघ ओढत होता. बारीक, करंगळीच्या पेरापेक्षा मोठी नसेल. पाठीमागे कोरा चुना, पुढं त्याच्या काळ्या-निळ्या रेघांची जुनी रांग.

"अहो, हे काय करता? त्याच जागेसाठी तर बोलावलंय तुम्हाला."

"ठाव हाय."

"मग?"

"ती जागा रिकामी हाय असं समजून लोक पुढं जातेत. कारकून तसाच गेला." त्यानं ब्रश पुसला आणि पुढचं चित्र ओढलं. "मी म्हनायचो तिथं लाभ हाय. मला दिसायचा. दुसऱ्याला कामून दिसावा? ज्याला दिसत न्हाई त्यो वजाच करनार."

मी त्याला थांबवलं नाही. खरं तर थांबवावंसं वाटत होतं, कारण त्याला औरंगाबादची किती आस होती ते मला एकट्यालाच माहीत होतं. पण त्याचा हात इतका सावकाश, इतका जपून चालला होता की मधे बोलायची माझी हिंमत झाली नाही. खोलीतलं शेवटचं चित्र होईपर्यंत मी बाकावर बसून राहिलो.

चित्रं गेली आणि महिन्याच्या आत परत आली. बरोबर दाढीवाल्यांचा निरोप होता. चित्राचं मर्मच आपण बुजवलंत, असं काहीसं. खंदारेनं पार्सल सोडलं, चित्रं पुन्हा भिंतीला लावली, आणि त्यानंतर नवीन चित्र काढलेलं मी तरी बघितलं नाही. वर्गात तो मुलांना मडकी आणि जास्वंदी शिकवत राहिला. उत्तम शिकवायचा.

सुभद्रा एकदा शाळेत आली होती, भावाला भेटायला. मधली सुट्टी होती. चित्रकलेच्या खोलीत ती भिंतीपाशी गेली आणि पदर सावरून त्या बारदान्यांकडे बघत उभी राहिली. कितीतरी वेळ. परभणीच्या त्या समीक्षकाइतकी, किंवा त्याहून जास्त. मग तिनं पहिल्या चित्रातल्या त्या गेरूच्या रेघेवर बोट ठेवलं.

"दादा, हीच का?"

"हं."

"लय बारीक काडलीस रे."

"तेवडीच होती, सुभा."

 रेघेवरचं बोट तिनं बराच वेळ उचललं नाही, आणि काढलं तेव्हा बोटाला गेरू लागलेला होता. तो तिनं पुसला नाही. तशीच मूठ मिटून बाहेर पडली. मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो. माझे डोळे भरून आले होते आणि ते खंदारेनं बघू नये असं मला वाटत होतं.

पुढं त्याची जिंतूरला बदली झाली, मी गंगाखेडलाच राहिलो. सुरुवातीला चार-दोन पत्रं झाली, मग तीही थांबली. ते बारदाने त्यानं जाताना नेले.

शेवटचं दिसला तो दशक सरत आलं तेव्हा. पुतणीच्या लग्नाहून मी परत निघालो होतो आणि जिंतूरच्या स्टँडवर गाडी थांबली होती. शेजारच्या फलाटावर ड्रॉइंगच्या परीक्षेला निघालेली मुलं उभी होती, प्रत्येकाच्या हातात पाटाएवढा बोर्ड. त्यांच्यासमोर खंदारे. केस पार पिकलेले, मान पुढं आलेली, पायजम्यावर गेरूचे डाग तेच. मी खिडकीतून हाक मारणार होतो, पण तो मुलं मोजायला लागला होता, म्हणून थांबलो. त्याला मोजताना मी माळावरच्या त्या सकाळनंतर कधी बघितलं नव्हतं.

एक बारकी मुलगी सगळ्यांना ढकलून रांगेच्या पुढं आली. कुणब्याची असावी, खळ्यावर रास मोजताना ऐकलेली.

"सर, मी पयली. मी लाभ ना?"

  खंदारे खाली वाकला.

"न्हाई, बाय. नाव काय तुझं?"

"शांता."

"आख्खं सांग."

तिनं बापाच्या नावासकट, आडनावासकट सांगितलं. खंदारेनं ते जसंच्या तसं मोठ्यानं म्हटलं. मग तिच्या टाळूवर दोन बोटं टेकवली.

"एक," तो म्हणाला.

माझ्या एसटीचा हॉर्न वाजला आणि गाडी मागे सरकायला लागली. दुसरा मुलगा बोर्ड सावरत पुढं आला होता. पण खंदारेनं बोटं उचलली नव्हती. त्यानं फलाटावर इकडेतिकडे बघितलं, सगळ्यांना ऐकू गेलंय की नाही ह्याची खात्री नसल्यासारखं, आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं म्हणाला, "एक."